मयेकर सरांची दुसरी चावी

मयेकर सरांकडे वाटीभर साखर मागायला गेलात, तर ते आधी विचारतात, "बाय व्हॅल्यू की बाय रेफरन्स?"

हा प्रश्न ते दारात उभे राहून, चष्मा कपाळावर चढवून, अगदी गंभीरपणे विचारतात. साखर देण्याचे दोन प्रकार असतात हे मला सरांच्या समोर राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. बाय व्हॅल्यू म्हणजे तुम्ही तुमची वाटी आणायची, सर त्यांच्या डब्यातली साखर तुमच्या वाटीत घालणार, विषय संपला. त्या साखरेचा तुम्ही शिरा करा नाहीतर ती मुंग्यांना घाला, सरांच्या डब्यात जे उरलंय त्याला काही होत नाही. बाय रेफरन्स म्हणजे डबा कुठे आहे ते सर सांगणार आणि तुम्ही आत जाऊन आपल्या हाताने घेणार.

"मग तुम्ही ओला चमचा घातलात तर माझी साखर खराब. म्हणून मी बाय व्हॅल्यूच देतो."

"मग सर, विचारता कशाला?"

"समोरच्याला फरक कळतो का ते बघायला."

मला कळत नव्हता. मी विमा कंपनीत क्लेम बघतो, आणि कम्प्युटरशी माझा संबंध तो बंद पडला की आयटीवाल्याला फोन करण्यापुरता. पण मीरा रोडच्या शांती नगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर सरांचं दार आणि माझं दार समोरासमोर आहे, सर घरीच जावाचे, म्हणजे कम्प्युटर प्रोग्रामिंगचे, क्लास घेतात, आणि बाहेरच्या खोलीचं दार क्लास चालू असताना उघडं असतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी पेपर वाचता वाचता मी बरंच शिकलो. फी न भरता शिकलेला सरांचा मी एकमेव विद्यार्थी असेन.

सरांची मुलं सिल्व्हर पार्कपासून हाटकेशपर्यंत सगळीकडून येतात. त्यांना बाहेरच्या खोलीत कुठेही बसायची, पंखा वाढवायची, फळ्यावर लिहायची परवानगी आहे. स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकायचं नाही. "हॉल पब्लिक आहे. किचन प्रायव्हेट. पाणी हवं असेल तर मला मागायचं, मी आणून देणार." एकदा एका मुलीला ठसका लागला आणि ती बिचारी धावत आत निघाली, तर सर तिला आडवे गेले आणि म्हणाले, "आधी रिक्वेस्ट कर." तिने डोळ्यांतून पाणी काढत हाताने तांब्याची खूण केली. ती रिक्वेस्ट सरांनी ग्राह्य धरली. पुढे त्या मुलीला पुण्यात चांगली नोकरी लागली, आणि इंटरव्ह्यूला नेमका हाच प्रश्न आला म्हणून ती पेढे घेऊन आली. पेढेही सरांनी आपल्या ताटलीत काढून घेतले आणि बॉक्स तिला परत दिला.

शेजारधर्मात वाटीचा एक नियम आहे, तो तुम्हाला ठाऊक असेलच. कुणाकडून भरलेली वाटी आली तर ती रिकामी परत करायची नाही. सरांना हा नियम मुळीच मान्य नाही. "तुम्ही रिकामी देणार नाही, आम्ही रिकामी देणार नाही. हा इन्फिनिट लूप आहे, सुर्वे. थांबवायचा कुणी?" त्यांनी तो एकट्याने थांबवला. आमच्याकडून गेलेली भाजीची वाटी ते दारातच आपल्या भांड्यात रिकामी करतात, तिथल्या तिथे विसळतात आणि हातात देतात. माझी बायको वर्षा हे बघून गालातल्या गालात हसते. मला मात्र दर वेळी आपण वसुलीला गेलोय असं वाटतं.

मयेकर काकू होत्या तेव्हा असं नव्हतं. काकू रत्नागिरीच्या. त्यांच्या वाट्या मजलाभर फिरत असायच्या आणि आमच्या त्यांच्याकडे. कुणाची कुठली हे दिवाळीच्या साफसफाईत कळायचं. त्यांचं दारही दिवसभर सताड उघडं असे. सर बाहेरच्या खोलीत "एन्कॅप्सुलेशन", म्हणजे आतलं आत झाकून ठेवणं, शिकवत असायचे आणि आतून काकू ओरडायच्या, "वर्षा, आत ये गं, पोळ्या लाटायला घे." मूलबाळ नव्हतं, पण घर भरलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आजार लांबला नाही एवढंच त्यातलं बरं. मग क्लासची वेळ सोडली तर दार बंद झालं, आणि किचन प्रायव्हेट झालं ते तेव्हापासून.

सरांच्या शिकवण्यातला कळसाध्याय म्हणजे चावीचं लेक्चर. नव्या बॅचमधलं कुणीतरी हटकून म्हणतं, "सर, जावामध्ये ऑब्जेक्ट बाय रेफरन्स पास होतो." सर याचीच वाट बघत असतात.

"चूक! जावामध्ये सगळं बाय व्हॅल्यू जातं. सगळं. आता हे बघ." मग ते खिशातून घराची चावी काढतात. "समजा मी तुला या चावीची डुप्लिकेट करून दिली. चावीची कॉपी झाली. घराची कॉपी झाली का?"

"नाही सर."

"घर एकच. चाव्या दोन. आता तू तुझी चावी फेकून दिलीस आणि त्या जागी हाटकेशच्या कुठल्या गाळ्याची चावी घेतलीस. माझं घर हललं का?"

"नाही सर."

"पण तू तुझ्या चावीने माझ्या घरात शिरून पंखा चालू ठेवलास, तर लाइटबिल कुणाला?"

"तुम्हाला."

"कळलं? पास झाली ती चावीची कॉपी. पण पोचलास तू खऱ्या घरात. म्हणून चावी देताना माणसाने विचार करावा."

या लेक्चरचा शेवटही ठरलेला. "आणि एखाद्या घराची एकही चावी बाहेर कुणाकडेच उरली नाही, तर? मग ते घर आहे हे प्रोग्रामच्या लेखी कुणाला माहीतच नसतं. गार्बेज कलेक्टर येतो आणि झाडून नेतो. आतला माल कितीही चांगला असो." मुलं हे उतरवून घेतात. मग एखादा आगाऊ मुलगा विचारतो, "सर, तुमच्या घराच्या किती चाव्या आहेत?" सर म्हणतात, "दोन. एक ही." मग जरा थांबतात. "दुसरी आहे." आणि फळा पुसायला घेतात.

ती दुसरी म्हणजे काकूंची. ती हरवली असणार आणि सरांना कबूल करायचं नसणार, अशी माझी खात्री होती. विमा कंपनीत राहून माणसाला हे कळतं.

आमच्या मजल्यावर खरं तर चाव्या प्रसादासारख्या वाटल्या जातात. गॅसवाला येणार, कामवाली येणार, मुलगा शाळेतून आधी येणार, म्हणून प्रत्येक घराची चावी दुसऱ्या कुठल्यातरी घरात असतेच. आमच्या दाराआडच्या खिळ्याला तीन घरं लटकलेली आहेत. फक्त सरांची चावी कुणाकडे नाही. मी एकदा सुचवलं, "सर, वेळप्रसंगी असावी म्हणून एक आमच्याकडे ठेवा."

"सुर्वे, चावी दिली की स्टेट, आतली स्थिती, बदलते. आज माझ्या घरात सगळं जिथल्या तिथे आहे. कारण कुणी हात लावत नाही. तुळस बघा. मी तिला पाणी घालायला निम्म्या वेळा विसरतो. तरी हिरवी. सिस्टम स्टेबल आहे!"

तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये होती आणि रस्त्यावरूनही दिसायची. खरंच हिरवीगार होती. आमची, वर्षा रोज पाणी घालते ती, जेमतेम.

चहाचंही तसंच. सर चहा चांगला देतात, अर्थात तुम्ही तुमचा कप आणलात तर. त्याला वेलचीचा वास असतो. एकदा मी विचारलं, वेलची कुटता का? तर म्हणाले, "मी? छे. हिने इतकी वर्षं त्या डब्यात वेलची कुटून ठेवली, डब्याला वास मुरलाय." मला ते पटलं. मला लोकांचं चटकन पटतं, म्हणून ऑफिसात माझी फाइल नेहमी वरिष्ठांकडे पुन्हा तपासायला जाते.

आता त्या मंगळवारची गोष्ट सांगतो.

दर मंगळवारी सर सकाळी दहाला निळा शर्ट घालून, पिशवी घेऊन वसईच्या एका कॉलेजात लेक्चरला जायचे आणि दुपारी दोनपर्यंत परत यायचे. त्या दिवशी मी घरी होतो. आदल्या दिवशी दाढ काढली होती, गाल फुगला होता, रक्त थांबेना म्हणून तोंडात अजून कापसाचा बोळा होता आणि डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं. वर्षाला हा दिवस फार आवडला असावा.

टाकी धुवायला काढली होती म्हणून सकाळपासून पाणी नव्हतं. साडेअकराच्या सुमाराला ते आलं. बाराला खालच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई धापा टाकत वर आले. जिग्नेशभाई आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

"सुर्वेभाई, मेरा पीओपी! अभी दिवाली में नया किया, देखो आके, बारिश हो रही है अंदर!"

मी बाहेर आलो तर सरांच्या दाराखालून पाण्याचा ओहोळ निघून जिन्याने खाली चालला होता. नळ उघडा राहिला हे शेंबडं पोरही सांगेल. मीरा रोडला हे नवीन नाही. पाणी नसताना नळ सोडायचा, कोरडा बघून चरफडायचं, आणि तसाच ठेवून निघून जायचं. आमच्याकडे प्रत्येक घराने एकदा तरी हा पराक्रम केलेला आहे. फक्त प्रत्येक वेळी समोरच्यांकडे चावी असायची.

"चावी किसके पास है?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

मी हातानेच कुणाकडे नाही म्हणून सांगितलं. त्यांनी सरांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि पाणी वाहतंय, दार तोडावं लागेल म्हणून सांगितलं.

"तोडू नका," सर म्हणाले. "कुछ मत तोड़िए. मैं आ रहा हूँ."

"अरे सर, आप वसई से आओगे तब तक मेरी छत नीचे आ जाएगी!"

"तोडू नका हो!" सरांचा आवाज इतका चढलेला मी फळ्यासमोरही ऐकला नव्हता.

पण जिग्नेशभाईंनी तळमजल्यावरच्या फर्निचरवाल्याला बोलावलंच होतं. तो पटाशी आणि हातोडी घेऊन आला आणि त्याने कुलपाच्या बाजूने लाकूड निरखायला सुरुवात केली. मजल्यावर सात-आठ माणसं जमली होती. वर्षा आमच्या उंबऱ्यात उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं, तिला बरं वाटत नाहीये. पटाशीचं टोक लाकडाला लागलं आणि ती म्हणाली, "थांबा."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लाल गोंड्याची चावी होती. तो गोंडा मी ओळखला. काकूंच्या कमरेला असायचा.

माझ्या तोंडात बोळा होता हे सर्वांच्या दृष्टीने बरं झालं.

वर्षाने दार उघडलं आणि घोटाभर पाण्यातून सरळ आत गेली. पॅसेजमधल्या अंधारात दिव्याचं बटण तिला चाचपावं लागलं नाही. मी मागोमाग गेलो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकलो. किचन प्रायव्हेट. ती तुंबलेल्या सिंकवरचा नळ बंद करून वळली, तेव्हा डोळे भरलेले होते.

"अहो, नळ माझ्याच हातून राहिला," ती हळूच म्हणाली. "सकाळी तुळशीला पाणी घालायला आले, तर नळाला पाणी नाही. तेवढ्यात आपला कुकर झाला आणि मी पळाले. काकूंनी जाताना चावी दिली होती मला. म्हणाल्या, ह्यांना वेलचीशिवाय चहा जात नाही, कुटायचं ह्यांना जमत नाही, आणि करून देते म्हटलंस तर नको म्हणतील. सांगू नकोस, हे नसताना येऊन करत जा. आता काय तोंड दाखवू हो मी सरांना?"

ओट्यावर चहाचा डबा होता आणि शेजारी खलबत्ता. मी तीन वर्षं एकाच घरात राहून काहीच बघितलं नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

एवढ्यात सर आले. वसईहून माणूस इतक्या लवकर येऊ शकत नाही, पण त्या गोंधळात हा हिशेब कुणी केला नाही. पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला हातात. आत न येता ते दारातच उभे राहिले. कुलपात चावी तशीच होती, आणि तिचा लाल गोंडा लोंबत होता. सरांनी तो गोंडा दोन बोटांत धरला आणि सोडून दिला.

"सर," जिग्नेशभाई म्हणाले, "आप तो बोलते थे चावी किसी को दी नहीं. और ये नल किसने खुला छोड़ा?"

वर्षा पुढे झाली. तिने तोंड उघडलं, पण सर आधी बोलले.

"नल मैंने खुला छोड़ा. मेरी गलती. आपके पीओपी का मैं देखता हूँ. और चावी वर्षा के पास ही रहती है."

"तो फोन पे क्यूँ नहीं बोला?"

"घबरा गया था," सर म्हणाले. सरांना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं, पण जिग्नेशभाईंनी मान्य केलं आणि सगळे पांगले.

तिघांनी मिळून पाणी काढलं. मी हॉलमध्ये आणि पॅसेजमध्ये काढलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सर म्हणाले, "या, चहा घेऊ." मी सवयीने माझा कप आणायला निघालो, तर ते म्हणाले, "राहू द्या. आत बसा." काकू गेल्यानंतर मी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा बसलो. चहा सरांच्या कपातून मिळाला. वेलचीचा वास होता.

वर्षाने चावी ओट्यावर ठेवली. "सर, चुकलं माझं. न विचारता तुमच्या घरात येत होते. ही घ्या."

सरांनी चावीकडे बघितलं, हात लावला नाही.

"तुझी काकू वेलची सालं काढून कुटायची," ते म्हणाले. "तू सालासकट कुटतेस. पहिल्याच आठवड्यात कळलं मला. डब्याचा वास महिनाभर टिकेल फार तर, तीन वर्षं कसा टिकेल? एवढं लॉजिक मला आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू संकोचली असतीस. यायची थांबली असतीस. फोनवर तेच वाटलं मला, चावी तुझ्याकडे आहे म्हणून सांगितलं, तर मला माहीत आहे हे तुला कळणार. आणि दार तोडलं असतं तर कुलूपच बदललं असतं. मग तुझ्याकडची ही चावी कसल्या कामाची?"

आता मला तो हिशेब आठवला. बोळ्याच्या बाजूने मी कसंबसं विचारलं, "पण सर, वसईहून इतक्या लवकर..."

"वसईचं लेक्चर गेल्या वर्षी बंद झालं. त्यांना तरुण माणूस हवा होता."

"मग दर मंगळवारी?"

"सेक्टरच्या बागेत बसतो. तिथले म्हातारे एकमेकांना बीपीची व्हॅल्यू सांगत असतात. कंटाळा येतो, पण काय करणार? मी घरात बसलो तर वर्षा येणार कशी?" त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि उगाचच खिडकीतल्या तुळशीकडे बघत राहिले. "ती होती तोवर दुसरी चावी तिच्याकडे असायची. आता माझी माझ्याच खिशात, ती काही बाहेर असलेली धरत नाहीत. एक तरी बाहेर असावी लागते हो, सुर्वे. तुम्ही ऐकता की समोरच्या दारातून. लेक्चरचा शेवट काय असतो?"

मला तोंडपाठ होता. मी ओट्यावरची चावी वर्षाकडे सरकवली. वर्षाने पदर डोळ्यांना लावला आणि चावी उचलून घेतली. सरांनी रिकामे कप विसळायला घेतले, मग विचार बदलला आणि काकूंच्या वेळेपासून राहून गेलेल्या वर्षाच्या जुन्या वाटीत आंब्याच्या वड्या घालून ती तिच्या हातात दिली. वाटी रिकामी नव्हती. लूप पुन्हा सुरू झाला.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला सर निळा शर्ट घालून, पिशवी घेऊन निघाले. मी ऑफिसला निघालो होतो, त्यामुळे दारातच गाठ पडली. आता काही लपवायचं उरलेलं नव्हतं, तिघांनाही सगळं माहीत होतं. तरी सरांनी स्वतःच्या दाराला कुलूप लावलं, आमच्या दाराकडे तोंड केलं आणि आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "चला, वसईला जाऊन येतो. दोनपर्यंत येत नाही!"

आतून वर्षा म्हणाली, "सावकाश या, सर."

दोन पायऱ्या उतरून सर थांबले. "आणि नळ बघून घे हो," म्हणाले, आणि बागेकडे गेले.